मोरीचे पाणी कुठे जाते?

मंडळी, मागच्या खेपेला माणिकगडाच्या किल्ल्याविषयी लिहिले होते. यावेळी विषय त्याच्या अगदी उलट आहे. किल्ला उंचावर असतो, आजचा विषय घरातल्या सगळ्यात खोल कोपऱ्यातला आहे. आमची मोरी.

आमचे जिवतीचे घर १९८१ साली बांधलेले. आम्ही मूळचे नांदेड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून बरीच कुटुंबे या डोंगरावर आली, त्या ओघाच्या शेवटी मीही मास्तर म्हणून आलो आणि इथलाच झालो. घर दगड-मातीचे, वर पत्रे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन फूट बाय चार फुटांची मोरी, खाली शहाबादी फरशी, फरशीच्या टोकाला बीडाची गोल जाळी. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच, पावसाळ्यात कपडेही तिथेच. चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या जाळीने सगळे काही गिळले. भाताची शिते, साबणाचा फेस, केसांचे गुंतवळ आणि एकदा सौ.ची जोडवीसुद्धा!

यंदा पावसाळ्यानंतर मोरीतून असा वास सुटला की जेवण जाईना. रात्री दिवा लावला की जाळीतून झुरळांची मिरवणूक निघायची. तुरटी झाली, चुना झाला, दुकानातले जळजळीत औषध ओतून झाले. चार दिवस बरे, पुन्हा तेच. शेवटी गडचांदूरहून मिस्त्री बोलावला. त्याने छिन्नीने गंजलेली जाळी उचकटली, आत बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "गुरुजी, याच्यात ट्रॅपच नाही. नळ सरळ बाहेर गेला आहे."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे बाहेर जे काही आहे ते सरळ तुमच्या घरात येते."

मी गप्प बसलो. कारण बाहेर काय आहे आणि ते कोणाच्या दारात आहे, हे मला ठाऊक होते. त्याविषयी पुढे लिहितो. आधी जरा इतिहास. तीस-बत्तीस वर्षे मुलांना तोच शिकवला, आता तुमची पाळी.

माझ्या नोकरीत इतिहासाची पुस्तके कितीदा तरी बदलली. चित्रे बदलली, धडे मागेपुढे झाले. पण मोहेंजोदडोची गटारे मात्र कुठे गेली नाहीत. दरवर्षी मी फळ्यावर काटकोनात रस्ते काढायचो, रस्त्याकडेने दोन रेघा ओढायचो आणि विचारायचो, "सिंधू संस्कृतीचे वैशिष्ट्य कोणते?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "भुयारी गटारे!"

ते वैशिष्ट्य खरेच नवलाचे आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोचे टेकाड उकरायला घेतले आणि १९२४ साली जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात बहुतेक घरांना न्हाणी होती. भाजक्या विटांची, सांधे घट्ट बसवलेली आणि एका कोपऱ्याकडे उतार दिलेली. त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीतल्या सांडीतून किंवा खापरी नळातून गल्लीत यायचे. गल्लीतल्या गटारावर विटा किंवा दगडी लाद्या झाकलेल्या, पण उचलता येतील अशा. म्हणजे साफ करण्याची सोय आधीच विचारात घेतलेली. मधूनमधून खड्डे ठेवलेले, त्यात गाळ खाली बसावा आणि पाणी वरून पुढे जावे. जिथे गल्लीत गटार नव्हते तिथे काही घरांनी नळाखाली मातीचा मोठा रांजण पुरला होता, म्हणजे पाणी रस्त्यावर पसरू नये.

हा रांजण मी मुलांना कधी शिकवला नाही. परीक्षेत येत नव्हता ना! आता वाटते, साऱ्या धड्यात तोच महत्त्वाचा होता.

आपल्या महाराष्ट्रात या रांजणाचे भाऊबंद सापडले आहेत. प्रवरेकाठच्या नेवाशाला, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथे, डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातल्या थरांत भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे निघाले. विहिरीसारखे दिसतात, पण विहिरीतून पाणी वर काढतात आणि यांत पाणी खाली सोडायचे. वापरलेले पाणी आपल्याच हद्दीत, आपल्याच जमिनीत जिरवायचे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा. पुढे तो कुठे हरवला, देव जाणे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पाणी कसे आणले याचा इतिहास आपण कौतुकाने लिहितो. पाणी कसे घालवले याचा कोणी लिहीत नाही. मलिक अंबरची नहर आपल्याला ठाऊक असते. पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला आणलेले पाणी ठाऊक असते. आपल्या चंद्रपूरला गोंड राजांच्या काळातला रामाळा तलाव आहे, त्याचे नाव पोराटोरांना माहीत. पण शहरातले सांडपाणी कुठे जाते, हे कोणी विचारले नाही, आणि ते जात राहिले त्याच रामाळ्यात. इतके की २०२१ साली तलाव वाचवा म्हणून लोकांना उपोषणाला बसावे लागले. आणलेल्या पाण्याला राजाचे नाव लागते. घालवलेल्या पाण्याला नाव नसते.

आता आमच्या मिस्त्रीच्या ट्रॅपकडे येऊ. त्याची कथा मोठी मौजेची आहे.

१७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या गृहस्थाने शौचकूपाचे एक पेटंट घेतले. हा मनुष्य मूळचा घड्याळजी. त्याची खरी करामत यंत्रात नव्हती, तर खालच्या नळीच्या एका वाकणात होती. नळी सरळ खाली न नेता त्याने ती हंसाच्या मानेसारखी वळवली. पाणी ओतले की ते वळणातून पुढे जाते, पण शेवटचे थोडे पाणी वळणात अडकून राहते. तेच पाणी बूच होते. वरून पाणी येऊ शकते, खालून वास येऊ शकत नाही. ना झाकण, ना स्प्रिंग, ना चावी. चार थेंब पाण्याचा दरवाजा!

आपल्याकडच्या मोरीला जो बसवतात तो याच वंशातला, पण त्याला नाव मात्र आपले आहे. "नहाणी ट्रॅप". बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत आणि सरकारी मानकांतही हाच शब्द आहे. साहेबांच्या घरात न्हाणीच नव्हती, त्यांचे टब. फरशीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेणे आपले. म्हणून फरशीत बसणाऱ्या ट्रॅपला शब्दही आपलाच चिकटला. जाळीखाली वाडग्यासारखे एक भांडे असते. पाणी त्यात उतरते, बाजूच्या वाटेने थोडे वर चढते आणि मग पुढच्या नळीत पडते. भांड्यात दोन बोटे पाणी कायम उरते. एवढेच त्याचे शास्त्र.

मी हे सगळे जेवताना सौ.ला समजावून सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मग मी इतकी वर्षे दुसरे काय करत होते?"

खरेच की! लग्नानंतर या घरात आल्यापासून ती रोज रात्री जाळीत ओला बोळा कोंबून झोपायची. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तेव्हापासून पिशवीत पाणी भरून, गाठ मारून ती जाळीवर ठेवायची. पाण्याची पिशवी जाळीवर चपखल बसते, फट राहत नाही, वास थांबतो. मला तो बायकी उद्योग वाटायचा. सकाळी मीच पायाने पिशवी बाजूला सारायचो. कमिंगसाहेबांना जे सुचले ते तिला कोणी न शिकवता सुचले होते. फरक एवढाच, की साहेबांना पेटंट मिळाले आणि हिला रोज रात्रीचे एक काम!

त्या काळी वासाला माणसे एवढी का भीत होती, हेही सांगायला हवे. रोग दुर्गंधीतून होतात असा शिकल्यासवरल्या डॉक्टरांचाही पक्का समज होता. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची टेम्स नदी मैल्याने इतकी घाण मारू लागली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले. वास खुद्द पार्लमेंटच्या नाकात गेला तेव्हा पैसे मंजूर झाले, आणि जोसेफ बॅझलजेटने लंडनखाली मोठी भुयारी गटारे बांधली. त्याआधी चार वर्षे, १८५४ मध्ये, जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या पाण्याने पटकी पसरते हे घरोघरी फिरून दाखवले होते. त्या विहिरीला लागूनच एका घराचा मैल्याचा खड्डा पाझरत होता. रोग वासातून नव्हे, पाण्यातून आला होता. पण स्नोचे म्हणणे लोकांना पटायला फार वर्षे लागली.

आपल्याकडे मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. पाणी आले की सांडपाणीही आलेच, पण नळाच्या वेगाने गटारे काही आली नाहीत. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, तेव्हा संशय पहिला गेला तो गटारांवर. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतून गटारे धुतली गेली. प्लेग थांबला नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमधून येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. तोवर पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या होत्या.

तर वासाची समजूत चुकीची, पण तिच्यापोटी निघालेला ट्रॅप मात्र कामाचा. तो किती कामाचा ते अगदी अलीकडे, २००३ मध्ये कळले. हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. तपासात निघाले की बऱ्याच न्हाणीघरांतल्या फरशीच्या ट्रॅपमधले पाणी वाळून गेले होते. लोक फरशी धूत नव्हते, फक्त पुसत होते. पाण्याचा दरवाजा उघडा पडला आणि नळातून एका घरातला रोग दुसऱ्या घरात गेला. म्हणून पुण्या-मुंबईच्या आमच्या मुला-भाच्यांना हे खास सांगणे. फ्लॅट महिनाभर बंद ठेवून गावाला जाऊन आलात, की आधी प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओता. जी न्हाणी कोणी वापरत नाही, तिच्यातही आठवड्याला तांब्याभर पाणी जाऊ द्या. खर्च शून्य.

आमच्या घरी ट्रॅप बसला. खालचा खापरी नळ दोन ठिकाणी फुटला होता, एके ठिकाणी कडुलिंबाची मुळे आत शिरली होती. तो काढून पीव्हीसीचा नळ टाकला आणि उतार नीट धरला. जाळी स्टीलची बसवली. वास त्याच दिवशी गेला. मिस्त्रीचा हिशेब केला, चहा दिला. तो निघताना म्हणाला, "घरातले काम झाले गुरुजी. बाहेरचे पाणी होते तिथेच सोडले आहे."

होते तिथेच.

आता ते सांगतो. आमचे घर चढावर आहे. भिंतीतून निघालेला नळ आमच्या परसाच्या टोकाला उघडा संपायचा. तिथून पाणी एका चरातून खाली जायचे आणि शेजारणीच्या कुडाजवळ थबकायचे. तिथे बारा महिने एक काळे डबके. आम्ही त्याला नाली म्हणायचो. पुण्याकडचे लोक गटार म्हणतील. खरे तर तो दोन्ही नव्हता, नुसताच बेवारशी ओघळ होता.

शेजारीण माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. एकटी राहते. तिच्या उजव्या पायाला हत्तीरोग आहे. मी तिला ओळखतो तेव्हा, म्हणजे घर बांधले त्या वर्षी, ती डोक्यावर दोन गुंड पाणी घेऊन चढ चढायची. पाय केव्हापासून सुजू लागला हे मला आठवत नाही. आपण दुसऱ्याच्या पायाकडे कुठे बघतो?

हत्तीरोगाचे जंत डासातून येतात हा शोध पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये १८७७ च्या सुमाराला लावला. त्यांच्याच प्रोत्साहनाने रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. सिकंदराबाद म्हणजे आपल्याला परके नव्हे. आमचा हा राजुऱ्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो इकडे आला. म्हणजे आपल्याच तेव्हाच्या राज्यात लागलेला शोध! मलेरियाचा डास बहुधा साध्या, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा डास मात्र घाण पाण्यातला, नाली, डबकी, तुंबलेले सांडपाणी यांतला. आणि हा रोग एका चाव्याने होत नाही. वर्षानुवर्षे, शेकडो चावे बसावे लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या नकाशावर आहेत. सरकारी गोळ्या वाटायला माणसे घरी यायची तेव्हा मी शिक्षक म्हणून त्यांच्याबरोबर फिरलो आहे. "डबकी साचू देऊ नका" असे लोकांना सांगत फिरलो आहे.

तिचा रोग माझ्या मोरीच्या पाण्याने झाला असे म्हणता येणार नाही. डासाला घराची हद्द नसते, गावात डबकी पुष्कळ. पण माझ्या मोरीच्या पाण्याने झाला नाही असेही मला म्हणता येत नाही. तीस-बत्तीस वर्षे मी फळ्यावर मोहेंजोदडोची गटारे काढत होतो आणि माझे गटार तिच्या कुडाशी संपत होते. ती एका शब्दाने कधी बोलली नाही. मास्तरांचे पाणी, कोण बोलणार?

आपल्या समाजात सांडपाण्याची हीच रीत पडली आहे. पाणी उतारावर जाते आणि उतारावर नेहमी कोणीतरी राहत असते. मैला उचलायचा तर तो ठरावीक जातीच्या माणसांनी. १९३२ च्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्याला सफाईचे काम मिळावे म्हणून अन्न सोडले, कारण वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देण्याची तुरुंगाची रीत नव्हती. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर सोडला. आमच्या विदर्भातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते आणि नाल्या झाडायचे, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा मीही शाळेच्या पोरांबरोबर खराटा धरून फोटो काढून घेतला होता. तो फोटो अजून कपाटात आहे. हाताने मैला साफ करवून घेण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणसाला गटारात आणि टाकीत उतरवण्यावरही आली. तरी अशी माणसे गुदमरून मेल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळतेच.

असो. मिस्त्री गेला त्या रात्री मला झोप आली नाही. घरात वास नव्हता, तरी आली नाही. सकाळी त्याला फोन केला. म्हटले, उद्या पुन्हा ये, शोषखड्डा करायचा आहे.

हा खड्डा करण्याची पद्धत आमच्या माहेरचीच निघाली. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी उघड्या नाल्यांच्या मागे न लागता घराघरापुढे शोषखड्डे घेतले आणि गावातले डास हटवले. पुढे ती रीत 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. आम्ही केले ते असे. विहीर, हातपंप यांपासून पन्नास फुटांहून लांब जागा धरली. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. आमच्याकडे वर काळी माती, ती पाणी लवकर पीत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत आणखी फूटभर खाली गेलो. तळाला मोठे दगड. त्यावर मधोमध सिमेंटची गोल टाकी, तिच्या वरच्या अंगाला भोके पाडलेली. भोवती दगड, मग गोटे, वर झाकण. मोरीचे पाणी आधी एका लहान चेंबरात येते, तिथे केस आणि खरकटे अडते. मग टाकीत येते, गाळ तळाला बसतो. वरचे निवळलेले पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत. पाणी कुठेही उघडे नाही, मग डास अंडी कुठे घालणार? चेंबर दर पंधरवड्याला साफ करायचा, हे काम मी माझ्याकडे घेतले आहे. टाकीतला गाळही अधूनमधून उपसावा लागेल.

टाकी खड्ड्यात उतरवताना मला एकदम मोहेंजोदडोचा तो रांजण आठवला, आणि नेवाशाची मातीची कडी. साडेचार हजार वर्षांनी आम्ही त्याच उत्तराशी आलो होतो. पाणी दुसऱ्याच्या दारात सोडायचे नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर बरे झाले असते, माझा निबंध सुबक झाला असता.

खड्डा झाल्यावर आठवड्याने डबके वाळले. मी मोठ्या समाधानाने कुडाशी गेलो आणि शेजारणीला म्हणालो, "बाई, आता तुमच्याकडे आमचे घाण पाणी येणार नाही."

तिने विचारले, "मंग कुठं जाते जी आता पानी?"

"जमिनीत."

ती थोडा वेळ कुडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग माह्या वेलाले कुठून पानी गुर्जी?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिले. कुडावर दोडक्याचा वेल होता, खाली वालाच्या शेंगा, कोपऱ्यात कारले. सगळे त्या ओघळाच्या काठाने लावलेले. आमच्या डोंगरावर जानेवारी सरला की पाण्याची ओरड सुरू होते. हातपंप कोरडा पडतो, टँकरची वाट बघावी लागते. त्या दिवसांत प्यायच्या पाण्यातून वेलाला कोण घालणार? माझी घाण तिने वर्षानुवर्षे भाजीला वापरली होती. मी तिच्यावर जो अन्याय केला त्यातूनही तिने काहीतरी उगवले होते, आणि मी तो अन्याय दूर करताना तिला विचारायलाच विसरलो. आधी न विचारता पाणी सोडले, मग न विचारता बंद केले.

सौ.ने याचा निकाल एका मिनिटात लावला. साबणाचे आणि आंघोळीचे पाणी खड्ड्यात. तांदूळ, डाळ, भाजी धुतल्याचे पाणी बादलीत. ती बादली सकाळ-संध्याकाळ कुडापलीकडे. पाणी जमिनीवर साचू द्यायचे नाही, थेट वेलाच्या आळ्यात ओतायचे. बादली नेण्याचे काम अर्थात माझ्याकडे. सुरुवातीला शेजारीण संकोचली. "मास्तर पानी आनते, लोक काय म्हनतीन!" आता ती आळी उकरून तयार ठेवते. परवा तिने दोडके पाठवले. भाजी चांगली झाली होती.

तिचा पाय आहे तसाच आहे. तो आता बरा होण्यातला नाही. रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवायचा, जखम होऊ द्यायची नाही, एवढेच दवाखान्यात सांगतात. त्यासाठी पाणी लागते. ती बादली स्वच्छ पाण्याची, आणि तीही मी नेतो.

तुमच्या घरची मोरी जुनी असेल तर एक काम करा. जाळी उचला, खाली ट्रॅप आहे का बघा. नसेल तर बसवून घ्या. मोठा खर्च नाही, आणि घरातल्या बाईचे रोजचे एक काम वाचेल. मग बाहेर जा आणि आपल्या मोरीचे पाणी शेवटी कुठे पोचते ते चालत जाऊन बघा. मला ते बघायला पंचेचाळीस पावले चालावी लागली. ती चालायला तेवढीच वर्षे लागली.